चक्राची जड बाजू

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला भोकराच्या वाडीत शिरायचं म्हणजे चपला कुठं काढायच्या इथपासून प्रश्न. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी बत्तीस घरांची ही ठाकर आदिवासींची वाडी. एरवी मतं मागणारे आणि 'आमच्या बंगल्यात साप शिरलाय, कुणी येता का' म्हणणारे फार्महाऊसवाले सोडले, तर इकडं कुणी फिरकत नसे. गेल्या दोन महिन्यांत मात्र टेंपो भरभरून माणसं येत होती. रसायनीहून येत, खालापूरहून येत, एकदा तर पनवेलहून एक वकीलही आला होता. नारळाचं दुकान लागलं, वडापावची गाडी लागली, आणि गाडीवाल्यानं वड्यांना 'चक्रवडा' असं नाव देऊन दोन रुपये वाढवले.

हा सगळा महिमा त्रिकालचक्राचा. समाजमंदिराच्या ओट्यावर एक लाकडी तिवई, तिवईला ठोकलेला लोखंडी खुंटा आणि खुंट्यावर आडवं बसवलेलं परातीएवढं काळं लोखंडी चक्र. कडेनं बारीक दाते, मध्यावर हळदीकुंकवाचा थर, एका बाजूला शेंदरानं काढलेला त्रिशूळ. शेजारी वाघाच्या छापाच्या चादरीवर त्रिकालबाबा बसत. चादरीच्या कोपऱ्याला 'कोमट पाण्यात धुवा' अशी चिठ्ठी अजून लटकत होती.

वाडीला लागून एका शेठच्या पोहण्याच्या तलावासाठी जेसीबीनं खड्डा खणला, तेव्हा हे चक्र निघालं होतं. ते निघालं मंगळवारी आणि बाबा हजर झाले गुरुवारी. शेठच्या प्लॉटांची दलाली करणारा रूपेश त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. चक्राच्या कडेला 'टी' आणि 'सी' अशी दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. बाबांनी ती तिथल्या तिथं लावून दाखवली: त्रिकाल चक्र! स्वयंभू चक्रावर देवानं आपलं नाव इंग्रजीत का घालावं, हे काही कुणी विचारलं नाही.

"चक्राला डोळे आहेत, बालकांनो!" बाबा गरजत. "कोर्टात वीस वर्षं लागतात, चक्राला वीस चकरा पुरतात! गोलम् त्रिगोलम् भ्रमणम् प्रमाणम्!"

हा मंत्र कुठल्या वेदातला, ते त्या वकिलालाही कळलं नाही. पण त्यानंही हात जोडले होते.

कौलाची रीत साधी होती. ज्यांच्यावर संशय, त्यांनी चक्राभोवती रिंगण करून बसायचं. कुणी कुठं बसायचं ते बाबा सांगणार. मग भूमातेला विडा. दोन पानं, आत एक टणक सुपारी, वर दोरा. तो विडा बाबा डोळे मिटून, पुटपुटत तिवईच्या पायाशी ठेवत. मग चक्राला हात देत. चक्र गरगर फिरे, मंद होई आणि त्रिशूळ ज्याच्यापुढं थांबेल तो गुन्हेगार. कौल चालू असताना जो उठेल तो रक्त ओकून मरेल, अशी सूचना बाबा न चुकता देत. त्यामुळं सगळे मांडी घालून गपगार बसत.

मागच्या रविवारी त्रिशूळ पारूपुढं थांबला होता. एकदा नव्हे, तीनदा.

पारू याच वाडीतली. नवरा जैतू माथेरानला घोडे हाकतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. ती स्वतः रोज शिळफाट्याला दत्तोपंतांच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाते. वाडीत ताप आला होता. अकरा पोरं आजारी पडली, शेजारच्या आवडीचा धाकटा तर चार दिवस डोळे उघडेना. एवढा ताप आला तो कुणी तरी भुताळीनंच आणला असणार, असं बाबांनी सांगितलं आणि चक्रानं भुताळी दाखवली. निकाल असा की, पुढच्या रविवारी दुपारच्या आत पारूनं घर सोडायचं, परत वाडीत पाय ठेवायचा नाही.

आता पारूचं घर आणि पाऊण एकर जमीन शेठच्या प्लॉटच्या तोंडाशीच होती. प्लॉटला मोठा रस्ता काढायचा तर तो तिच्या अंगणातूनच जाणार. रूपेश तीन वेळा तिला विचारून गेला होता आणि तीन वेळा ती नाही म्हणाली होती. त्रिशूळही तीनच वेळा तिच्यापुढं थांबला, हा हिशेब तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. खुद्द पारूच्याही नाही.

सोमवारी ती कामावर आली ती सुजलेले डोळे घेऊन.

दत्तोपंत म्हणजे खोपोलीतलं जुनं घर, वय चौऱ्याहत्तर, जिभेला धार. जुन्या विलायती मोटारींची इंजिनं दुरुस्त करायला मुंबई-पुण्याचे हौशी लोक त्यांच्याकडे रांग लावत. फार्महाऊसवाल्या शेठना ऐंशी वर्षांपूर्वीची मोटार दारात उभी करायची असते, ती चालती करायला मात्र पंतच लागतात. पारू आठ वर्षांपूर्वी तिथं पार्ट रॉकेलनं धुवायला लागली. आता पार्ट तोलण्याचं सगळं काम तिच्या हातात होतं.

"पारू, काल कोणाच्या मयताला गेली होतीस?" पंतांनी विचारलं.

"माज्याच," पारू म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

पंत खवळले. बाबाचा उद्धार झाला, रूपेशचा झाला, पनवेलच्या वकिलाचा तर डिग्रीसकट झाला. पारू ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, खरं सांगू? मला पन वाटलं. तीनदा थांबलं वो माज्यापुढं. रातभर म्हनलं, आपल्यातच कायतरी आसंल. आवडीच्या पोराला मी परवाच उचलून घेतलं व्हतं."

चौऱ्याहत्तर वर्षांत पंतांना इतका राग फार थोड्या वेळा आला होता. आठ वर्षं जिच्या हातून गेलेला एक पार्ट कधी परत आला नाही, ती बाई एका लोखंडाच्या तुकड्याच्या सांगण्यावरून स्वतःला भुताळी समजत होती. ते एवढंच म्हणाले, "जा. ते निळ्या गाडीचं फ्लायव्हील पट्ट्यांवर घे."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागचं जड चाक. इंजिनचे धक्के ते पोटात घेतं आणि गाडी सुरळीत चालते. ते एका बाजूला जड झालं तर गाडी थरथरते, म्हणून तोलावं लागतं. वर्कशॉपमध्ये त्यासाठी दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर, अगदी पाण्याच्या पातळीत बसवलेल्या होत्या. चाकात दांडा घालायचा, दांडा पट्ट्यांवर टेकवायचा आणि हात सोडायचा. जड बाजू आपसूक खाली येते. तिथं खडूनं खूण करायची आणि ड्रिलनं थोडं लोखंड कमी करायचं. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच उभं राहू लागलं, की तोललं.

पारूनं हात सोडला. चाक फिरलं, खाली आलेली बाजू पुढं गेली, परत मागं आली, पुन्हा थोडी पुढं, पुन्हा थोडी मागं, आणि मग उभी राहिली. हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं. पण आज खडू उचललेला तिचा हात हवेतच राहिला.

"काका! ते चक्र बी असंच थांबलं."

"असंच म्हणजे?"

"माज्या पुढनं गेलं, परत आलं, परत गेलं, मंग थांबलं. देवाला ठाव हाय मी कुटं बसलेय, मंग त्यो पुढं कशाला जाईल? एकदम थांबंल ना! आसं तर जड बाजू थांबते!"

पंत स्टुलावर बसले. "दाते होते कडेनं?"

"हाय ना. बारीक."

"मधे बोल्टची भोकं?"

"हळदीखाली पाच-सा दिसली. आनि तिरसूळाच्या उलट्या अंगाला ओळीनं खड्डे, आपन ड्रिलनं मारतो तसे. तिरसूळाच्या बाजूला लोखंड जाड हाय." सांगता सांगता पारूचा आवाज चढला. "काका, मी दोन महिने त्याच्या पाया पडतेय आनि मला कळलं नाय! उभं आसतं तर कळलं आसतं. आडवं ठेवलं, वर हळद लावली, तर माजं डोकं बंद पडलं."

"तुझं एकटीचं नाही, पनवेलच्या वकिलाचंही पडलं," पंत म्हणाले. "टी.सी. म्हणजे टॉप सेंटर. पहिला पिस्टन अगदी वर आला की ती खूण काट्यासमोर येते. जुन्या गाडीचं फ्लायव्हील आहे ते, गाडी बिचारी पन्नास वर्षांपूर्वी भंगारात गेली असेल. काही इंजिनांत आतला दांडा एका अंगाला जड ठेवतात आणि फ्लायव्हील दुसऱ्या अंगाला. जोडीनं असतात तोवर सरळ चालतात. एकटं काढलं की लंगडं."

"पन काका, आडव्या चाकाची जड बाजू माज्याकडंच कशी आली? आडव्याला खाली-वर काय आसतं?"

"तिवई पातळीत असेल तर काहीच नाही, कुठंही थांबेल. म्हणजे तुझी बाजू कोणीतरी खाली केली होती. कशानं केली ते मला काय विचारतेस? मी होतो का तिथं? तू आठव."

पारू दिवसभर आठवत राहिली. संध्याकाळी शिळफाट्याला टमटममध्ये चढताना ती एकदम खुदकन हसली आणि परत उतरून पानाच्या टपरीवर गेली.

रविवारी वाडीत नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. भुताळी जाताना कशी दिसते ते बघायला माणसं लांबून आली होती. चक्रवडे साडेनऊलाच संपले. पारू ओट्यापुढं आली ती गाठोडं घेऊन. जैतू माथेरानहून आला होता, तो खाली मान घालून मागं उभा राहिला. त्याचं म्हणणं एवढंच की, गुपचूप निघू, हॉटेलात झाडू मारू, पन तमाशा नको. रूपेश चक्राच्या डाव्या अंगाला उभा होता. दत्तोपंत लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, हातात पिशवी.

"जाते मी," पारू म्हणाली. "पन गोमाबाबा, वाडी सोडनाऱ्याचं एक मागनं ऐकायची आपली रीत हाय. हाय का नाय?"

गोमा वाडीतला सगळ्यात म्हातारा. त्यानं मान हलवली. "हाय गं. माग."

"मला शेवटचा एक कौल पायजे. आनि भूमातेचा इडा माज्या हातानं."

त्रिकालबाबांचे डोळे किलकिले झाले. "अशुद्ध हातानं विडा? चक्र कोपेल!"

"कोपलं तर माज्यावरच कोपंल ना? मी तशी बी चाललेय."

गर्दीला हे पटलं. भुताळीवर देव कोपताना पाहायला मिळत असेल तर कोण नको म्हणेल? गोमा म्हणाला, "लाव गं इडा."

पारूनं बाबांना त्यांच्या वाघाच्या चादरीवरच बसू दिलं. ती तिवईच्या पलीकडे गेली, बाबांच्या बरोबर समोरचा पाय किंचित उचलला, खाली आपला विडा सरकवला. बाबा उठायला लागले.

"बाबा, बसा!" पारू ओरडली. "कौल चाललाय! उठलं तर रगत ओकून मरतंय मानूस!"

बाबा बसले. दुसरं करता काय? रविवारमागून रविवार हेच तर ते सांगत आले होते.

पारूनं हात दिला, चक्र फिरलं. मंद झालं. त्रिशूळ बाबांच्या पुढून गेला, परत आला, पुन्हा जरा पुढं, पुन्हा जरा मागं, आणि बाबांच्या पोटासमोर येऊन उभा राहिला.

गर्दीनं माना पुढं काढल्या. बाबा मात्र कसलेले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "पाहिलंत? चक्रानं गुरूला वंदन केलं! गोलम् त्रिगोलम्!"

"बरं," पारू म्हणाली. तिनं विडा काढला, दुसऱ्या पायाखाली सरकवला आणि चक्राला हात दिला. ते झोके घेत रूपेशपुढं थांबलं. "ह्ये पन वंदन का? का रूपेशशेठ बी गुरू हायेत?"

मागून कुणी तरी फिसकन हसलं. रूपेशनं मोबाईल कानाला लावला. तो वाजला नव्हता.

"गोमाबाबा, आता तुमी लावा," पारू म्हणाली. "कुटल्या बी पायाखाली लावा. चक्र फिरायच्या आधी मी सांगते कुटं थांबंल."

गोमानं विडा घेतला, बराच विचार करून तिसऱ्या पायाखाली ठेवला. पारूनं चक्राकडे बघितलंसुद्धा नाही. "त्या खांबापुढं," ती म्हणाली. चक्र खांबापुढं थांबलं.

"मंग खांब बी भुताळी?" गोमा पुटपुटला आणि खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग लाज आली. स्वतः पुढं होऊन बाबाला ओट्यावर बसवणारा तोच होता.

मग पारूनं सगळं उलगडून सांगितलं. एका बाजूला जड असलेलं चाक आणि त्याला हवा तसा उतार देणारी एक सुपारी. बोटभर उंचीही पुरते, चाक मोकळं फिरत असलं म्हणजे झालं. ज्याला पकडायचा त्याच्या पलीकडच्या पायाखाली विडा, की तिवई त्याच्याकडे कलते. "आपन सगळ्यांनी बगितलं, बाबा इडा ठेवतोय. लपवून नाय ठेवला. पन त्यो देवाचा इडा, म्हनून खाली वाकून कुनी बगितलं नाय. मी बी नाय."

दत्तोपंत उठले. पिशवीतून गवंड्याची लेव्हल काढून तिवईवर ठेवली, विडा काढला, कागदाच्या घड्या घालून तिवई पातळीत आणली. बुडबुडा मध्यावर आल्यावर गोमानं दहा वेळा चक्र फिरवलं. ते एकदा पिंपापुढं थांबलं, एकदा कुत्र्यापुढं, एकदा दोन बायकांच्या मधल्या रिकाम्या जागेपुढं. मग पारूनं कुंकू पुसून मधला भाग उघडा केला. आत कोरं करकरीत बेअरिंग चमकत होतं.

"स्वयंभू चक्र आहे," पंत म्हणाले. "पण ग्रीस अजून पिवळं आहे बघा. जमिनीत हजार वर्षं राहूनसुद्धा!"

आता गर्दी हसली, ती मोठ्यानं हसली. मंत्र, चादर, कोमट पाण्याची चिठ्ठी, सगळ्यालाच हसली. बाबांनी शेवटचा हात मारला. "हसा! वाडीतला ताप वाढेल! अकरा पोरांची एकवीस होतील!"

"व्हतील," पारू म्हणाली. "त्यो खड्डा तसाच राहिला तर व्हतीलच. चला माज्यासंगं."

ती सगळ्यांना शेठच्या खड्ड्याशी घेऊन गेली. पावसाळा सरला तरी तलाव बांधायचा तसाच पडला होता आणि कमरेएवढं हिरवं पाणी साचलं होतं. ओंजळभर पाणी तिनं वर घेतलं तर त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सरकारी दवाखान्याकडून येणारी आशाताई महिनाभर हेच सांगत दारोदार फिरली होती. पोरांचं रक्त तपासून घ्या, पाण्यात तेल ओता. पण चक्रानं खड्ड्याकडे बोट दाखवलं नव्हतं. दाखवणार कसं? तो खणला होता बाबाला आणणाऱ्यांनी.

रूपेश मोटारसायकलला किक मारत होता, पण किल्ली जैतूच्या हातात होती. माथेरानचा घोडेवाला तो, पळणारा लगाम कुठं धरायचा हे त्याला नेमकं ठाऊक. पंतांनी फोन केला होता; तासाभरानं पोलीस आले. बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ठाण्यावर नाव विचारलं तेव्हा त्रिकालबाबा कमळ्या निघाले, हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये बेअरिंग बसवायचं काम सोडून आलेले. भूत, भविष्य, वर्तमान सगळं सांगणाऱ्याला स्वतःचा आधार नंबर काही आठवेना.

आठवड्यानं आवडी पारूच्या दारात आली. तिचा पोर सरकारी दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्यांनी उठून बसला होता. ती रडत पारूच्या पाया पडायला वाकली.

पारूनं तिला धरलं. पण उचलून छातीशी नाही घेतलं. "आवडे, ऊठ. माज्या पाया पडू नको. आता पाया पडनं बास."

"चुकलं गं. चक्रानं सांगितलं म्हनून..."

"चक्र लोखंडाचं हाय, त्याला तोंड नाय. बाबा परका, त्याला पैसं पायजेत. त्यांचा मला राग नाय आवडे, तुमचा हाय." पारूनं समोरच्या घराकडं हात केला. "सतरा वरसं आपल्या दोघींच्या चुली समोरासमोर हायेत. तुजा पोर जन्मला तवा नाळ मी कापली. चक्राला तीनदा इचारलंत. मला एकदा बी नाय इचारलंत."

ओट्यावरची तिवई तशीच होती, चक्र पंतांनी पिशवीत घालून नेलं होतं आणि बत्तीस घरांतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

असं तुमच्या गावात घडणार नाही असं समजू नका, कारण पनवेलच्या वकिलालाही तसंच वाटत होतं. शेजारणीला घराबाहेर काढायला सांगणारं एखादं चक्र, एखादा नारळ किंवा एखादा बाबा तुमच्या ओट्यावर येईल, तेव्हा दोनच गोष्टी करा. वाकून तिवईच्या पायाखाली बघा. आणि त्याच्याही आधी, जिच्यावर बोट रोखलंय तिच्या दारात जाऊन तिला विचारा.